गिळायचं नाही

ती डावीकडे कलली, गाल आत ओढले, 'सुर्र' असा आवाज केला आणि थुंकली. तोंडातून ओघळ आला, असं नाही. ओघळ गेले नऊ दिवस येतच होता आणि आम्हाला त्याची सवय झाली होती. हे थुंकणं होतं. नेम धरून, माझ्या डाव्या हाताशी ठेवलेल्या निळ्या मगाकडे. मगात पडलं नाही, मगाच्या कानावर पडलं आणि तिथून टेबलावर टपकलं. भोपळा. वाफवलेला, कुस्करलेला, गाळणीतून काढलेला, केशरी. मग ती तिच्या उंच खुर्चीत पुन्हा सरळ बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. त्या बघण्यात तक्रार नव्हती. उलट काम नीट पार पडल्यावर माणूस वरिष्ठांकडे बघतो ना, तसं ते बघणं होतं. माझ्या हातातला चमचा हवेतच राहिला, कारण तो 'सुर्र' माझा होता. हवा आणि घोट एकदम आत ओढल्याशिवाय तो आवाज निघत नाही. असा आवाज करणारी माणसं या अख्ख्या शहरात फार तर दहा-बारा असतील. आमच्या कंपनीत चार आहेत आणि चौघांत माझा आवाज सगळ्यात खणखणीत, याचा मला आजपर्यंत अभिमान होता.

मी चहा चाखतो. पोटासाठी चाखतो, पण पोटात त्यातला थेंबही जाऊ देत नाही, असं मी ओळख करून देताना सांगतो आणि लोक हसतात. सकाळी सात ते बारा. लांब टेबलावर पांढऱ्या पेल्यांची रांग, हातात चमचा, गुडघ्याशी चाकांवरची उंच पिकदाणी. चमचाभर चहा ओठांशी न्यायचा, सुर्रकन ओढायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा, एक शब्द बोलायचा आणि गुडघ्यानं पिकदाणी पुढे ढकलायची. तो शब्द लिहून घेतला जातो. भरीव. पातळ. मागे करपट. शिळसर. दिवसाला दीडशे-दोनशे पेले. चौदा वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, मला चारचौघांत थुंकायची लाज वाटली, म्हणून मी हळूच गिळत गेलो. चाळीस पेले. एकेचाळिसाव्याला हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली आणि येईल त्या पेल्याला मी 'भरीव' म्हणायला लागलो. आमचे मुख्य चाखणारे, ज्यांना सगळे काका म्हणतात, माझ्या मागे येऊन उभे राहिले. "गिळतोयस?" मी मान खाली घातली. "गिळायचं नाही. गिळलं की ते आपलं होतं. आणि आपलं झालं की त्याच्याबद्दल खरं बोलता येत नाही." पुढे कित्येक वर्षं मी हे वाक्य पाहुण्यांना ऐकवत होतो, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं म्हणून ऐकवत होतो.

घरी मी गिळतो, अर्थातच गिळतो, नाहीतर जगलो कसा असतो. पण जीभ साफ राहावी म्हणून माझं जेवण वेगळं: उकडलेलं, बिनमसाल्याचं, ना कांदा ना लसूण, रोजचं तेच. ते मी पेट्रोल भरल्यासारखं भरतो. आणि दुसऱ्या कुणी काही पुढे केलं की आपोआप चाखणारा जागा होतो. लग्नाआधी बायकोनं पहिल्यांदा स्वतःच्या हातचं काहीतरी मला खायला घातलं होतं, छोट्याशा भाड्याच्या खोलीत, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून. मी पहिला घास जिभेवर फिरवला, डोळे मिटले आणि म्हणालो, "सुरुवात चांगली आहे, मागे किंचित करपट." तिनं चमचा खाली ठेवला. "तू जेवत नाहीस रे," ती म्हणाली, "तपासतोस." मी ते कौतुक म्हणून घेतलं. आज, चमचा हवेत धरून, भोपळ्याच्या त्या ओघळाकडे बघताना ते वाक्य आठवलं आणि ते कौतुक नव्हतं, हे अकरा वर्षांनी माझ्या ध्यानात आलं.

आणि तरी मला आनंद होत होता. हे कसं सांगावं कळत नाही. शाळेत गणिताचं उत्तर मागच्या पानाशी जुळल्यावर व्हायचा तसा. कारण नऊ दिवस आम्ही समजत होतो की गुंडीला खाणं नको आहे. गुंडी म्हणजे ही आमची मुलगी. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढं नाक आणि त्याच्यामागे बाकीचा गोळा, म्हणून गुंडी. तिला खाणं नको नव्हतंच. ती काम करत होती. बापानं दाखवलं तसं, बिनचूक, मन लावून. नऊ दिवस मी काय केलं होतं? तिच्यासमोर बसून, माझ्या वेगळ्या चमच्यानं, प्रत्येक वाटीतला पहिला घास मी ओढला होता, फिरवला होता, निळ्या मगात थुंकला होता आणि मोठ्यानं जाहीर केलं होतं: गाजर, गोड, थोडं दोरेदार. बटाटा, सपाट. केळं, चांगलं आहे पण शेवटी चिकटतं. गरम आहे का, गुठळी आहे का, उग्र आहे का, हे बघायला नको? बापानं पोरीच्या तोंडात घालायच्या आधी बघायला नको? मी म्हणजे अगदी कर्तव्यदक्ष बाप. आणि समोर ती, टक लावून, माझ्या तोंडाकडे बघत.

हे चाखणं माझ्या दृष्टीनं किती मोठं होतं, हे समजायला आधीचे सहा महिने समजायला हवेत. सहा महिने मी नुसता उभा होतो. भूक लागली की ती आईकडे, झोप आली की आईकडे, दात शिवशिवले की आईकडे. मी पाण्याचा पेला आणून द्यायचो, उशी सरकवायचो, ढेकर काढायचो. ढेकर काढण्यात मी निष्णात झालो होतो. पण ढेकर काढणं म्हणजे दुधाची तहान ताकावर. बायको तिला पाजत असली की दोघींच्या भोवती एक गरम, बंद खोली तयार व्हायची आणि मी तिच्या दाराशी चप्पल काढून उभा. म्हणून डॉक्टरबाई जेव्हा म्हणाल्या, "सहा महिने झाले, आधारानं बसते, मान सावरते, तुमच्या हातातलं ओढायला बघते, आता दुधाबरोबर मऊ खाणं सुरू करा, मीठ-साखर नको, मध तर नकोच," तेव्हा मी इतका हुरळलो की त्यांचा हात धरून जोरानं हलवला. खाणं! माझं क्षेत्र! त्याच संध्याकाळी मी उंच खुर्ची आणली, दोन छोटे चमचे आणले, चार वाट्या आणल्या. "घोडा आला तरी रावसाहेब अजून पायीच," म्हणून बायको हसली, कारण गुंडी खुर्चीत बसताच झोपून गेली होती. पण तोंडावर हसली तरी आतून तिलाही घाई होती, आणि तिची घाई माझ्या हौसेपेक्षा खरी होती. बायको बंदरावर क्रेन चालवते. तीस मीटर उंचीवर काचेची केबिन. शिडीनं वर जायचं आणि पाळी संपेपर्यंत खाली यायचं नाही. रजा संपत आली होती. सोमवारपासून पाळी दोन ते आठ. मी एकच्या सुमाराला घरी येतो, म्हणजे सांभाळायला माणसाची सोय होती. सोय नव्हती ती चारच्या खाण्याची. बाटली गुंडीनं पहिल्या दिवसापासून लाथाडलेली. काढून ठेवलेलं दूध वाटीनं दोन-चार घोट घ्यायची, त्यावर सहा तास निघाले नसते. बायकोनं चमचा पुढे केला की ती चमच्याकडे बघायचीच नाही, थेट शर्टाची बटणं ओढायला लागायची. दूध समोर दिसत असताना भोपळ्यावर कोण समाधान मानेल? तेव्हा सगळी मदार माझ्यावर. आणि मी भरवलं की ती बाहेर काढायची.

डॉक्टरबाई म्हणाल्या, काही दिवस जीभ बाहेर ढकलतेच, धीर धरा, जबरदस्ती करू नका. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बापासारखी चिकित्सक निघणार, खाण तशी माती!" मी खूश झालो. बायको खूश झाली नाही. बायको एका रात्री आंघोळीहून येऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "माझ्या दुधातच काही कमी-जास्त असेल का रे? तिला दुसरं काही आवडतच नाही." मी म्हणालो, "छे, वेडी आहेस." यापेक्षा मोठा शहाणपणा त्या वेळी माझ्याजवळ नव्हता. आणि आज, गुरुवारी, आत कपाट उघडल्याचा आवाज येत होता. ती बंदराच्या कचेरीत निघाली होती. खाली, टेबलावरच्या जागेसाठी अर्ज द्यायला. कंटेनरच्या नोंदी करायच्या, नऊ ते पाच, मध्ये दोनदा घरी येऊन पाजता येईल. त्या जागेवर एकदा गेलेला माणूस परत वर चढत नाही, हे तिनंच मला सांगितलं होतं. वरून काय दिसतं हेही तिनंच सांगितलं होतं, आमच्या ओळखीच्या पहिल्या महिन्यात: वीस टनांचा डबा दोरावर लोंबकळत असतो आणि तो दोन बोटांनी जागेवर ठेवायचा असतो, अंड्यावर अंडं ठेवल्यासारखा. तेव्हा मला वाटलं होतं, या बाईच्या हातात आपण सुखरूप राहू.

"मी निघते," ती दारातून म्हणाली. "काय झालं आज?"

"थुंकली," मी म्हणालो.

"अपेक्षाच होती," ती म्हणाली आणि गेली. दार लागलं. मी का नाही सांगितलं? सांगायला वाक्य तयार नव्हतं, हे एक. आणि लाज वाटली, हे दुसरं, आणि दुसरं जास्त खरं. चौदा वर्षांचा अनुभव असलेला, कंपनीतल्या नव्या लोकांना शिकवणारा माणूस मी. आपल्या पोटच्या पोरीला नऊ दिवसांत न खाण्यात पारंगत केलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? शिवाय खात्री कुठं होती? मी खात्री करून घ्यायची ठरवली. पाण्याचा पेला घेतला, गुंडीसमोर धरला, सुर्रकन एक घोट ओढला, गालांत फिरवला आणि मगात थुंकला. तिचे डोळे चमकले. तिनं दोन्ही हात टेबलावर आपटले, कोरड्या तोंडानंच 'सुर्र' केलं आणि डावीकडे कलून फूऽ करून मगाकडे थुंकली. मी पुन्हा केलं, तिनं पुन्हा केलं. मी एकटाच स्वयंपाकघरात सात मजली हसलो, आणि ती माझं बघून हसली, दोन दातांनी. मग एकदम आठवलं की बायको जिना उतरली असेल.

तिला उचललं तशीच, भोपळ्यानं माखलेली, आणि धावलो. घरातल्या सपाता पायात, तीन मजले. बसथांब्यावर पाच-सहा माणसं रांगेत होती आणि बायको शेवटून दुसरी. "अगं थांब! थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की अख्खी रांग थांबली. ती पांढरी पडली. "काय झालं? घशात अडकलं?" "नाही गं! तिला आवडतंय. म्हणजे आवडत असेल, ते कुणाला माहीत, पण ती थुंकते ते मी शिकवलंय." "काय शिकवलंयस?" मला धाप लागली होती आणि शब्द सापडत नव्हते, म्हणून मी करून दाखवलं. 'सुर्र.' माझ्या कडेवरून लगेच जबाब आला, 'सुर्र', आणि गुंडी डावीकडे कलून माझ्याच बाहीवर थुंकली. रांगेतले एक गृहस्थ दोन पावलं बाजूला सरकले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तो पुरता येऊन पोहोचायच्या आतच हसू आलं, आणि मग ती थांब्याच्या खांबाला धरून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं. "नऊ दिवस," ती म्हणाली, "नऊ दिवस मी स्वतःला दोष देतेय, आणि तू तिथं बसून शाळा चालवत होतास होय रे?" बस आली. रांग चढली. कंडक्टरनं विचारलं, "बाई, येताय?" ती नाही म्हणाली. आणि मला म्हणाली, "आता गिळून दाखव तिला. सोमवारी मी वर चढते. तिनं चारचं खाल्लं नाही तर मंगळवारी अर्ज देईन." अर्ज पर्समध्ये घडी घालून गेला. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच तिला मिठी मारली, आणि भोपळा तिघांनाही लागला.

आता वाटेल, मग अडचण काय राहिली? गिळायचं, झालं. पण तिथंच तर घोडं पेंड खातं. निळा मग मी कपाटावर ठेवून दिला, तिच्यासमोर बसलो, घास घेतला, आणि घसा मिटला. खरंच सांगतो. माझ्या स्वतःच्या ताटात मी रोज गिळत होतो, पण हातात चमचा आणि समोर कुणीतरी वाट बघतंय, म्हटल्यावर घशाला एकच गोष्ट माहीत होती. जीभ घासाभोवती फिरायला लागली, शब्द शोधायला लागली, मान डावीकडे झुकायला लागली. मी जोर लावून गिळलं. औषधाची गोळी गिळतात तसं, डोळे मोठे करून, कंठ वरखाली होईल असं. गुंडी खदखदून हसली. तिला तो नवा खेळ वाटला. मग तिनं तिचा घास घेतला, आणि तो निळा मग समोर नाही म्हणून इकडे-तिकडे बघून, शेवटी खुर्चीच्या डाव्या हातावर व्यवस्थित थुंकली. शुक्रवार असा गेला. शनिवारी मी खोटं खोटं चावून दाखवलं, पोटावर हात फिरवला, "वा वा" केलं, चिऊ आणि काऊ दोघांना पानावर बोलावलं. पालथ्या घड्यावर पाणी. बायको दारात उभी राहून बघत होती. "नाटकात काम केल्यासारखं करतोयस," ती म्हणाली. "तिला कळतंय." मी चिडलो. म्हणालो, मग तूच शिकव. ती आली, खुर्चीपाशी बसली, आणि गुंडीनं तिच्या शर्टाची बटणं धरली, आणि पाच मिनिटांत दोघी त्यांच्या त्या बंद खोलीत गेल्या. मी वाट्या धुवायला घेतल्या.

रविवारी काहीतरी झालं. तिनं घास तोंडात धरून ठेवला. थुंकली नाही. मी श्वास रोखून मोजायला लागलो, एक, दोन, तीन. तिच्या कपाळाला आठी पडली, जीभ गालात कुठंतरी हलताना दिसली. नऊ, दहा, अकरा. मग आला बाहेर. पण अकरा! मी आत धावत जाऊन बायकोला सांगितलं, अकरा सेकंद, आणि ती उठून बसली, आणि आम्ही दोघं त्या अकरा सेकंदांवर परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे बोलत राहिलो. बोलता बोलता ती दुसरीकडेच बघायला लागली. "काय गं?" "काही नाही. खाल्लं नाही तर मला जाता येत नाही. आणि खाल्लं तर..." "खाल्लं तर काय?" "तर काही नाही," ती म्हणाली, आणि गादीवर पडलेला गुंडीचा मोजा उगीच उलटा-सुलटा करत बसली. मला ते कळलं. सहा महिने मी दाराबाहेर उभा होतो ते तिनं पाहिलं होतं, आणि दार उघडलं की आतलं माणूस कुठं जातं, हा प्रश्न तिला पडला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला तेवढं पुरेसं वाटलं असावं.

सोमवारी कामावर माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. अंगात इतका उत्साह होता की पिकदाणी मी गुडघ्यानं ढकलायच्या ऐवजी जवळजवळ पळवत होतो. एकशे बाराव्या पेल्याला मी चहा ओढला, फिरवला, आणि तो गेला. सरळ खाली. गरम, तुरट, पोटापर्यंत कळत गेला. काकांचे कान अजून तिखट आहेत. थुंकल्याचा आवाज आला नाही, हे त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला टिपलं. "गिळलास?" "हो." "कशाला?" "घरी सराव चाललाय, काका." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा हलला नाही, पण मी निघताना ते म्हणाले, "आमच्या घरात दोन्ही पोरं आईच्याच हातून जेवली. मी कधी बसलोच नाही समोर." आणि पुढच्या पेल्याकडे वळले.

दीडला बायको निघाली. दारात तीनदा वळली. वर फोन नेता येत नाही, तो खाली कपाटात ठेवावा लागतो, म्हणजे आठपर्यंत तिला काही कळणार नव्हतं आणि मला काही विचारता येणार नव्हतं. गुंडी तीनपर्यंत झोपली. मी भोपळा वाफवला, कुस्करला, या वेळी गाळला नाही; जरा दाट राहू दिला. दोन ताटल्या भरल्या. चार वाजले. पहिला चमचा: खुर्चीच्या हातावर. दुसरा: माझ्या मनगटावर. वाटीतलं दूध तिनं दोन घोट घेतलं आणि वाटी ढकलली. मग ती रडायला लागली, भुकेचं, आईला शोधणारं रडणं, दाराकडे बघून. मी तिला उचलून खिडकीशी नेलं. लांब, छपरांच्या पलीकडे, क्रेनची टोकं दिसतात, सात-आठ, सगळी सारखी. "त्यातल्या एकीत आई आहे," मी म्हणालो. "कुठल्या, ते मला कधीच ओळखता आलं नाही." एक टोक सावकाश फिरत होतं. ती हुंदके देत तिकडे बघत राहिली. साडेचार झाले. मंगळवार मला समोर दिसत होता: घडी घातलेला अर्ज, टेबल, कंटेनरच्या नोंदी, आणि बायको, जी कधीही, एका शब्दानंही मला काही म्हणाली नसती.

तिला परत खुर्चीत बसवलं आणि मीही बसलो. मला एकदम गळून गेल्यासारखं झालं, आणि मग लक्षात आलं की मी जेवलोच नाही. सकाळच्या उत्साहात डबा तसाच राहिला होता, घरी आल्यावर स्वयंपाकघरात शिरलो तो भोपळ्याच्याच मागे. मला भूक लागली होती. साधी, सकाळपासूनची भूक. मी माझी ताटली ओढली आणि खायला लागलो. चमच्यानं दोन घास खाल्ले, मग चमचा बाजूला ठेवून बोटांनी. तिच्याकडे बघितलं नाही. तिला काही दाखवायचंय, हे त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. ताटली अर्धी झाली तेव्हा शेजारून काहीतरी ओलं माझ्या हातावर आलं. तिनं पुढे वाकून माझ्या ताटलीत पंजा घातला होता. मूठ भरली, म्हणजे बोटांच्या फटींतून अर्धं बाहेर आलं, आणि ती मूठ तिनं माझ्या तोंडाशी आणली. ओठांवर आपटली. मी तोंड उघडलं. तिनं सगळी मूठ आत कोंबली, नखांसकट, आणि हात मागे घेऊन माझ्या गळ्याकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, गळ्याकडे. डाव्या बाजूला तिनं एकदाही पाहिलं नाही. मी गिळलं. घसा मिटला नाही, काही नाही. मी भुकेलेला होतो आणि माझी मुलगी मला भरवत होती. तिनं आपल्या मुठीकडे पाहिलं, उरलेलं चिकटलेलं होतं, आणि ती मूठ स्वतःच्या तोंडात घातली. चोखली. गाल हलले. कपाळाला आठी पडली. मी मोजलं नाही. आणि मग तिच्या हनुवटीखालच्या त्या मऊ वळीमागं, जिथं गळा आहे असं धड कळतही नाही, काहीतरी इवलंसं वर गेलं आणि खाली आलं. तिनं डोळे विस्फारले. आपल्या आत काय झालं याचं तिला इतकं आश्चर्य वाटलं होतं की ती क्षणभर हललीच नाही. मग तिनं दोन्ही हात टेबलावर आपटले आणि तोंड उघडलं, पक्ष्याच्या पिलासारखं, टाळूपर्यंत दिसेल असं.

मी किती मोठ्यानं ओरडलो ते मला माहीत नाही, खालच्या मजल्यावरच्या शिंपीबाईंनी वर येऊन दार वाजवलं, "काही झालं का?" म्हणून. "गिळलं!" मी त्यांना म्हणालो. "अहो, गिळलं तिनं!" त्या काहीतरी गिळू नये ते गिळलं असं समजून आत घुसल्या, आणि मग खुर्चीतली केशरी मुलगी बघून त्यांनाही हसू आवरेना. त्या गेल्या. मी पाच चमचे भरवले. सहाव्याला तिनं तोंड फिरवलं, आणि मी आग्रह केला नाही. मग आठपर्यंत मी ती बातमी एकटाच घेऊन घरभर फिरत राहिलो. इतकी मोठी बातमी आणि ऐकणारं कुणी नाही; घरात होती ती एकटी गुंडी, आणि तिला ती आधीच माहीत होती.

बायको आली ती जिन्यावरूनच विचारत आली. मी पाच बोटं दाखवली. तिनं पर्स टाकली, हात धुतले, गुंडीला घेतलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. गुंडी लगेच बटणांना झोंबली आणि प्यायला लागली, पाच चमचे खाल्लेच नाहीत अशा थाटात. बायकोनं डोळे मिटले. "लागते अजून मी," ती म्हणाली, हसत, पण आवाज ओला होता. "लागणारच," मी म्हणालो आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. आत बोलावलंय का, हे पाहायला थांबलो नाही. गुंडीनं पिता पिता एक पाय लांबवून माझ्या मांडीवर ठेवला. बायकोनं एक डोळा उघडला. "आणि भोपळा कसा होता? सांग की तुझ्या भाषेत." मी जिभेवर शोधलं, मागे, कडांना, टाळूशी. चौदा वर्षांत कुठल्याही चवीला माझ्याजवळ शब्द नाही, असं झालं नव्हतं.

"सांगता येणार नाही गं," मी म्हणालो. "गिळला मी."